नखांतला निळा

माझे वडील सूत रंगवायचे. माधवनगरच्या बाजूला यंत्रमागांची वस्ती होती आणि तिला लागून रंगाचा एक लहान कारखाना होता. सहा टाक्या, एक बॉयलर, वर पत्रे. मागवाल्यांना लागणाऱ्या सुताच्या लडी तिथून रंगून जात. बांबूच्या दांड्यावर लड टाकायची, कढत रंगात बुडवायची, फिरवायची, वर घ्यायची, पिळायची. हातमोजे कुणी पाहिलेलेही नव्हते. त्यामुळे वडिलांचे हात कोपरापर्यंत कधीच अंगाच्या रंगाचे नसत. लाल असत, हिरवे असत, बहुतेक वेळा निळे असत. वरचा रंग धुवून फिका होई, पण नखांच्या कडांना आणि तळहाताच्या रेषांमध्ये निळा कायमचा जाऊन बसला होता.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मूळ गाव जतकडचं. तिथे त्यांच्या वडिलांच्या वाट्याला गावकीची जी कामं होती ती आबांना करायची नव्हती, म्हणून ते तरुणपणीच इकडे निघून आले. पुढे छप्पन्न साली आमच्या घराने धम्म स्वीकारला. आबांना अक्षरओळख नव्हती. पण रंगाच्या बाबतीत कारखान्याचा मालकही त्यांच्या तोंडाकडे बघायचा. व्यापारी कापडाची चिंधी घेऊन यायचा, असाच रंग हवा म्हणायचा. आबा टाकीतून सुताचं टोक काढायचे, पिळून बॉयलरच्या गरम नळीवर क्षणभर दाबून सुकवायचे आणि चिंधीशेजारी धरायला उत्तरेच्या दारात जायचे. तिथे ऊन येत नसे. मी लहानपणी डबा घेऊन जायचो तेव्हा त्यांनी मला सांगितलं होतं, "उन्हात रंग खोटं बोलतो बाळा. सावलीत धरायचा. मग कळतंय त्यो कोण हाय ते."

मॅट्रिक झालो आणि मला साताऱ्याला सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. एकसष्ट-बासष्टची गोष्ट. आमच्या घरातली ती पहिली टेबल-खुर्चीची नोकरी. वर्षभरात मी 'हाय'चं 'आहे' केलं आणि 'न्हाई'चं 'नाही' केलं. घरी गेलो तरी तसंच बोलू लागलो. आईला त्याचं कौतुक वाटे. आबा मात्र माझ्याशी बोलताना शब्द जरा निवडून काढायला लागले, हे माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात येऊनही मला त्यात काही वाईट वाटलं नाही.

कचेरीतल्या एका मित्राला फोटोंचा नाद होता. त्याच्यामुळे मीही एक वापरलेला कॅमेरा घेतला, चामड्याच्या भात्याचा, मिटून खिशात बसणारा. रविवारी अजिंक्यताऱ्यावर जायचं, चौकातली माणसं टिपायची, रोल धुवायला टाकायचा. सगळं काळं-पांढरं.

माझं लग्न रहिमतपूरच्या घरात ठरलं. मुलीचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. घर नीटनेटकं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यासमोर ताजी फुलं. बोलणी चालू असताना मुलीच्या मामांनी आबांच्या हातांकडे पाहिलं.

"हाताला काय झालंय म्हनायचं, पाव्हणं?"

"काय न्हाई वो," आबा हसून म्हणाले, "रंगात हात हायत म्हणून तर ताटात भाकर हाय."

सगळे हसले. मामांनी तर मांडीवर थाप मारली. मी हसलो नाही. मी आबांचा हात चहाच्या पांढऱ्या कपाभोवती पाहत होतो आणि त्यांनी कप लवकर खाली ठेवावा असं मला वाटत होतं.

त्या दिवशी काढलेला फोटो मी कचेरीत दाखवला. काळ्या-पांढऱ्या फोटोत निळा कुठला कळणार? आबांच्या हातांवर नुसते गडद-फिके चट्टे दिसत होते. मित्र फोटो जवळ धरून म्हणाला, "वडिलांना कोड आहे का रे?" मी नाही म्हणालो. रंगाचं काम करतात हे मात्र सांगितलं नाही. ऊन लागलंय, असं काहीतरी पुटपुटलो.

त्याच आठवड्यात मी ठरवलं की लग्नाचे फोटो रंगीत काढायचे. आता लिहिताना स्वतःला विचारतो, का ठरवलंस? फोटोत चट्ट्यांऐवजी खरा रंग दिसावा आणि लोकांना तो रोग वाटू नये, असं मी तेव्हा मनाशी म्हणत होतो. ते पूर्ण खोटं नव्हतं. पण रंगीत फोटो काढणारा कारकून म्हणून मिरवायची हौसही होती, आणि ती जास्त होती.

रंगीत रोल तेव्हा सहज मिळत नसे. सांगलीत एका फोटोच्या दुकानात मुंबईच्या ओळखीतून अधूनमधून यायचे. लग्नाला पंधरा-वीस दिवस असताना मी आबांना घेऊन तिथे गेलो. त्यांनीच म्हटलं होतं, "मी बी येतो. रंगाचं काय हाय ते बघू तरी." नवीन सदरा घालून, खांद्यावर पंचा टाकून आले. दुकानदार पन्नाशीचा, बोलका माणूस होता. त्याने पत्र्याच्या डब्यातून दोन रोल काढून काचेवर ठेवले.

"हा मंद आहे," तो म्हणाला. "रंग एकदम गडद, दाणा बारीक, मोठा फोटो केलात तरी फुटणार नाही. पण ह्याला ऊन पाहिजे. बाराच्या उन्हात माणूस उभा करायची तयारी पाहिजे. आणि हा दुसरा मध्यम वेगाचा. दाणा किंचित जाड. पण मांडवात, ओसरीवर, सकाळी-संध्याकाळी, कुठेही चालतो. तुम्हाला कशाला हवाय?"

"लग्नाला," मी म्हणालो. "आणि उरलेला घरी, रोजचंच काहीतरी काढायला."

तेव्हा ज्याला मध्यम म्हणत तो रोल आजच्या मानाने मंदच म्हणायचा. पण त्या वेळी सावलीत रंगीत फोटो निघतो हेच नवल होतं. तरी माझं मन मंद रोलकडे ओढत होतं. गडद रंग, मोठा फोटो, हे शब्द मला आवडले होते. दुकानदाराने दोन्हींचे नमुन्याचे फोटो काढले. आबांनी ते हातात घेतले आणि दुकानाच्या दारापाशी, आडोशाला गेले. फोटो तिरके धरून पाहिले.

"ह्यो गडद हाय खरा," मंद रोलच्या फोटोवर बोट ठेवून ते म्हणाले, "पर ह्यातली बाई बग. उन्हानं डोळं बारीक केल्यात तिनं. रंग झ्याक आन् माणूस तरास काढतंय. ह्यो दुसरा घे. ह्यातला पिवळा जरा मेलाय, पर माणूस माणसावानी दिसतंय."

दुकानदार मोठ्याने हसला. "अहो, वीस वर्षं दुकान चालवतोय, असं गिऱ्हाईक नाही पाहिलं. पिवळा मेलाय खरा, मुंबईचे लोकही तेच म्हणतात! कुठल्या खात्यात आहात म्हणायचं?"

आबांना किती बरं वाटलं ते मी बघितलं. चेहरा उजळला. त्यांनी सांगायला तोंड उघडलं, दोन्ही हात काचेवर ठेवले. आणि मी मध्येच हसत हसत बोललो, "हा रोल घ्यायचा तर घेऊ आबा. पण यात सगळं जसंच्या तसं दिसतं बरं का. तुमचे हातसुद्धा दिसतील."

गमतीने बोललो, असं मी पुष्कळ वर्षं मानत आलो. गमतीने बोललो नव्हतो. दुकानदारासमोर आपण या हातांचे नाही, हे मला दाखवायचं होतं. आबांनी हात काचेवरून उचलले, खांद्यावरचा पंचा काढला आणि त्यात गुंडाळले, जणू पुसतायत. मग म्हणाले, "व्हय, दिसायचंच की." दुकानदाराच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. आम्ही मध्यम वेगाचा रोल घेतला आणि माधवनगरला परत आलो. वाटेत आबा एवढंच म्हणाले, "किती दिस हायत रं लग्नाला?" मी दिवस सांगितले. संध्याकाळच्या गाडीने मी साताऱ्याला निघून आलो.

लग्नाच्या दोन दिवस आधी घरी पोचलो तेव्हा आबा अंगणात पाटावर बसले होते. समोर घमेलं, घमेल्यात कढत पाणी, वाफेबरोबर नाकात झोंबणारा वास. कारखान्यात एखादी लड चुकून गडद झाली, तर तिचा रंग उतरवायला ब्लिचिंगची पूड वापरत. पूड किती, पाणी किती कढत, लड किती वेळ ठेवायची, सगळं आबांच्या बोटांवर होतं. सुताचा रंग उतरवण्यात त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. तेच त्यांनी स्वतःच्या हातांवर चालवलं होतं. कामावर रजा टाकून, दहा-बारा दिवस, सकाळ-संध्याकाळ, वरून नारळाच्या काथ्याने घासून.

आई दारातून म्हणाली, "बग तूच. ऱ्हाऊ द्या म्हनलं, ऐकंनात. जेवताना हाताला मीठ लागलं तर डोळ्यातनं पानी येतंय त्यांच्या."

"तू गप ग," आबा म्हणाले. "निघतोय रंग. बग, निघालाय." आणि त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले.

आता जे लिहिणार आहे त्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो. हात निळे नव्हते. पांढुरके, सुजलेले, बोटांच्या बेचक्यांत फुटलेले, मनगटाजवळ लाल पापुद्रे सुटलेले. कुणीही शुद्धीवरच्या माणसाने ते घमेलं पायाने उडवलं असतं. मला पहिल्यांदा काय वाटलं? बरं वाटलं. परवा मांडवात, पांढऱ्या कपड्यांच्या त्या सगळ्या माणसांत, हे हात कुणाच्या डोळ्यांत येणार नाहीत, असं वाटून मला हलकं वाटलं. मी खाली वाकलो, त्यांची बोटं नीट पाहिली आणि म्हणालो,

"नखांत राहिलाय अजून."

आबांनी मान हलवली. "व्हय. नखांतला चिवट असतोय," म्हणाले, आणि हात परत पाण्यात घातले. वेदनेने त्यांनी खालचा ओठ दाताखाली धरला होता. मी घरात गेलो आणि बॅग उघडून कॅमेरा पुसत बसलो.

आमच्यातलं लग्न साधं असतं. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत, समोर बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, फुलं. रहिमतपूरला शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. फोटो काढायला मी कचेरीतल्या मित्रालाच बोलावलं होतं. मांडवात सावली होती आणि त्या सावलीत रोल चालणार होता. दहा वेळा मी त्याला तेच सांगितलं. आबा पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसले होते आणि हातांवर नवं उपरणं घेऊन होते. पंचशील म्हणताना सगळ्यांनी हात जोडले. त्यांनी उपरण्याच्या आत जोडले.

विधी झाल्यावर आम्ही थोरांच्या पाया पडलो. माझी बायको आबांच्या पायांवर वाकली तेव्हा ते क्षणभर घुटमळले. सुनेला आशीर्वाद काय उपरण्यातून द्यायचा? त्यांनी उजवा हात बाहेर काढला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. तेवढ्यात मित्राने बटण दाबलं.

रोल बाराचा होता. आठ तिथे संपले. उरलेले चार मी पुढच्या महिन्यात घरी काढले, रोजचंच काहीतरी. बायको तांदूळ निवडताना, आई दारात, अंगणातली कोंबडी, आणि आरशात मी स्वतः. मग रोल मुंबईला धुवायला पाठवला.

तोवर आबांचे हात चिघळले होते. लग्नाहून आल्यावर दोनच दिवसांत ते कामावर गेले आणि उघड्या कातड्यात रंग आणि टाकीतला कॉस्टिक सोडा शिरला. सांगलीच्या डॉक्टरांनी मलमपट्टी केली, महिनाभर घरी बसवलं आणि सांगितलं की, हे हात आता रंगात घालायचे नाहीत. आबांनी ऐकलं नाही. बरं वाटलं की जायचे, चार दिवसांत कातडं फुटायचं, परत घरी. असं तीनदा झालं. शेवटी मालकाने त्यांना लडी बांधायच्या कामावर बसवलं. पलीकडे टाकीवर नवा माणूस रंग चुकवत होता आणि ह्यांनी तिकडे जायचं नव्हतं. पंधरा दिवस त्यांनी ते केलं. मग एक दिवस डबा न उघडताच घरी आले आणि पुन्हा गेले नाहीत.

फोटोंचं पाकीट आलं ते घेऊन मी माधवनगरला गेलो. सगळे भोवती जमले. रंग खरोखर सुंदर आले होते. मी दुकानात म्हणालो होतो तसंच, सगळं जसंच्या तसं. बायकोच्या पांढऱ्या साडीवर मांडवाची मऊ सावली, केसांत अबोली, आणि तिच्या डोक्यावर आबांचा हात. लाल. भाजून सोलल्यासारखा लाल. त्या हातावरून नजर दुसरीकडे जाईच ना.

आईने तोंड फिरवलं. आबांनी तो फोटो दोन बोटांच्या टोकांत धरला, उठून दाराच्या सावलीत गेले, तिरका करून बराच वेळ पाहिला. मग परत आले आणि फोटो माझ्या हातात देत म्हणाले,

"लाल बराबर आलाय."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो, रडलो असतो, सुटलो असतो. ते कामातलं मत होतं.

पुढे मी आई-आबांना साताऱ्याला घेऊन आलो. आबांचे हात हळूहळू बरे झाले. वर्षा-दोन वर्षांत नवं कातडं आलं, गुळगुळीत आणि पांढरट. नखांतला निळाही वाढीबरोबर निघून गेला. दिवसभर ते दारातल्या खुर्चीवर बसून असत. रस्त्याने जाणाऱ्या बायकांच्या लुगड्यांकडे बघत आणि कधीतरी आपल्याशीच म्हणत, "ह्यो धुतल्यावर जाणार."

साठचं दशक संपत आलं होतं. आमच्या कचेरीत नवे साहेब आले होते. एका रविवारी सकाळी ते फिरत फिरत घरी आले, काखेत वर्तमानपत्र. मी धावपळ केली, चहा सांगितला. साहेब मोठे सौजन्याचे. आबांना नमस्कार करून त्यांच्या शेजारीच बसले.

"आपण कुठे नोकरीला होतात?" त्यांनी आबांना विचारलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला ते थांबले होते, माझ्यासाठी. मी काय सांगतो ते बघत होते.

"गिरणीत होते," मी म्हणालो. "लिहिण्याचं काम होतं."

"अरे वा. म्हणजे आमच्याच जातकुळीचे," साहेब हसले आणि त्यांनी घडी उलगडून वर्तमानपत्र आबांसमोर धरलं. "मग हे बघा, आज काय लिहिलंय आपल्या सातारकरांबद्दल. वाचा, वाचा."

आबांनी वर्तमानपत्र घेतलं. त्या पांढऱ्या, गुळगुळीत हातांत ते अगदी शोभून दिसत होतं. त्यांनी ते थोडा वेळ तसंच धरलं आणि मग घडी घालून साहेबांना परत केलं.

"डोळं चालत न्हाईत आता, सायेब," ते म्हणाले.

रस्त्यापलीकडच्या लुगड्याचा काठ कुठल्या टाकीतून निघाला ते सांगणारा माणूस. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. साहेब गेल्यावर ती स्वयंपाकघरात हलक्या आवाजात म्हणाली, "आवं, मामंजींनी तुमचं काय वाईट केलंय?" मी तिला म्हणालो, तुला कचेरीतलं कळत नाही.

बाहेर आबांनी विचारलं, "सायेब गेलं न्हवं?" आणि मी हो म्हटल्यावर साहेबांसाठी घातलेली टोपी काढून मांडीवर ठेवली.

आबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. त्या रविवारपासून मला त्यांच्याशी बोलायला सात-आठ महिने मिळाले होते. रोज संध्याकाळी मी कचेरीतून यायचो तेव्हा ते दारातच बसलेले असत, मला बघून पाय आखडून वाट देत. मी चपला काढायचो, "जेवलात का?" विचारायचो. ते "व्हय" म्हणायचे, आणि मी त्यांच्या शेजारून आत जायचो.